उकिरड्यापासून जनुकापर्यंत: साठ अंशांवर वाढणाऱ्या जीवाणूंवर काम कसं करायचं

थंडीतल्या पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दिसते. वरचा थर दवानं भिजलेला असतो, पण फावड्यानं हातभर आत उकरलं की शेण-पाचट हातात धरवत नाही. साखर कारखान्याच्या आवारातल्या प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाच्या) ढिगाचंही असंच असतं. ही ऊब उन्हाची नाही. कोट्यवधी सूक्ष्मजीव अन्न जाळतात, त्यातून ती तयार होते. ढीग ५५ अंशांच्या वर गेला की नेहमीचे जीवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रिय, म्हणजे थर्मोफाइल, जीवाणू ढिगाचा ताबा घेतात.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशा जीवाणूंपासून त्यांच्या १६एस जनुकाच्या (जीवाणूची ओळख पटवायला वाचतात त्या रायबोसोमच्या जनुकाच्या) क्रमापर्यंत महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत जाता यावं, म्हणून हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. सूक्ष्मजीवशास्त्रातल्या आपल्या बहुतेक सवयी '३७ अंश म्हणजे वाढ आणि ६५ अंश म्हणजे मरण' या गृहीतकावर बेतलेल्या आहेत. इथे ते गृहीतक उलटं होतं. म्हणून अगार, बफर, एन्झाइम, ऑटोक्लेव्ह यांतली प्रत्येक गोष्ट वापरण्याआधी 'ही ६० अंशांवर कशी वागेल?' असं विचारायचं. बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

नमुना कुठून घ्यायचा

मराठवाड्यात दोन स्रोत सहज मिळतात. पहिला म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. तिथल्या गरम कुंडांचं पाणी साधारण ५० ते ६०° से. असतं. दुसरा म्हणजे गरम खताचा ढीग. पहिल्यांदाच काम करणाऱ्यानं ढिगापासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ढीग हाताशी असतो, त्याचं तापमान आपल्याला राखता येतं आणि नमुना वाया गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतो.

ढीग स्वतः रचायचा तर किमान ३ × ३ × ३ फुटांचा हवा, ४ फुटांचा झाला तर आणखी चांगलं. त्याहून लहान ढिगातली ऊब बाहेर निघून जाते. आकारमानानं ३ भाग सोयाबीनचं भुसकट किंवा बारीक केलेलं उसाचं पाचट आणि १ भाग ताजं शेण घ्या. पऱ्हाट्या किंवा तुराट्या घालणार असाल तर आधी तुकडे करा, नाहीतर मधे पोकळ्या राहून ढीग तापत नाही. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत, इतकीच ओल ठेवा (५० ते ६०%). पाण्याची धार लागली तर हवा कोंडते, ढिगाला आंबूस वास येतो आणि तापमान ४५ अंशांवरच अडतं. इकडे एप्रिल-मे मध्ये नेमकं उलटं होतं. बाहेर ४२-४३ अंश असूनही ढीग गार पडतो, कारण तो आतून वाळलेला असतो. अशा वेळी वरून ओलं गोणपाट टाका आणि दोन दिवसांआड पाणी शिंपडा. ओल आणि हवा नीट असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड फूट खोलीवर ६० ते ६५ अंश मिळतात.

सळईचा लांब थर्मामीटर खुपसून ५ मिनिटं थांबा, तापमान नोंदवा आणि नेमक्या त्याच जागेतून निर्जंतुक चमच्यानं २० ग्रॅम नमुना घ्या. तापमानाची नोंद नसेल तर पुढच्या सगळ्या कामाला अर्थ उरत नाही. ढीग उकरताना मास्क लावा. अशा ढिगात *अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस* ही बुरशी ५० अंशांपर्यंत मजेत वाढते आणि तिचे बीजाणू फुप्फुसात गेले तर त्रास होतो.

उनकेश्वरला जाणार असाल तर आधी देवस्थान आणि ग्रामपंचायत यांची परवानगी घ्या. लोक तिथे श्रद्धेनं स्नान करतात, त्यामुळे कुंडात उतरून बाटल्या बुडवू नका. स्नानाच्या पाण्यात माणसाच्या त्वचेवरचे जीवाणूही मिसळलेले असतात, म्हणून शास्त्राच्या दृष्टीनंही पाणी उगमाजवळ किंवा वाहून जाणाऱ्या चरातल्या गाळातून घेतलेलं बरं. पाणी नाकात जाऊ देऊ नका. *नेग्लेरिया फाउलेरी* हा मेंदूवर हल्ला करणारा अमीबा कोमट-गरम पाण्यात वाढू शकतो. पीएच जागेवरच मोजा. वाढवण्यासाठीचा नमुना थर्मासमध्ये आणा. प्रवासात तो थोडा निवला तरी चालतो, कारण थंडीत हे जीवाणू बहुधा मरत नाहीत, फक्त थांबतात. थेट डीएनए काढायचा असेल तर मात्र वेगळी नळी लगेच बर्फात ठेवा.

कोणाला शोधताय ते आधी ठरवा

एकच नमुना दोन वाटांनी न्यायचा. १ ग्रॅम नमुना ९ मिलि निर्जंतुक ०.८५% मिठाच्या पाण्यात घुसळा आणि त्याचे दोन भाग करा.

पहिला भाग ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा. यातून प्रामुख्यानं बीजाणू (जीवाणूंचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) तगतात, म्हणजे *जिओबॅसिलस* आणि त्याचे नातलग हाती लागतात. त्यांना नेहमीचं न्यूट्रिएंट माध्यम चालतं. ५५ ते ६० अंशांवर एका रात्रीत वाढ दिसते.

दुसरा भाग अजिबात तापवायचा नाही. तो *थर्मस* गटासाठी आहे. थर्मस बीजाणू बनवत नाही आणि *थर्मस अ‍ॅक्वाटिकस*ची वाढीची मर्यादा ७९ अंशांवर संपते, त्यामुळे ८० अंशांच्या झटक्यात तो मरतो. दुसरी गोम अन्नाची आहे. टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या झऱ्यांतून हा जीवाणू वेगळा केला (वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं), तेव्हा माध्यमात ट्रिप्टोन आणि यीस्ट अर्क प्रत्येकी फक्त ०.१% होते. अन्न जास्त असतं तर तो वाढला नसता. गरम झऱ्यात अन्न विरळ असतं आणि या जीवाला त्याचीच सवय असते. म्हणून लिटरला प्रत्येकी १ ग्रॅम, पीएच ७.५ ते ७.८, तापमान ६५ ते ७० अंश ठेवा आणि तीन-चार दिवस धीर धरा. पिवळसर वसाहती दिसल्या तर आशा धरायला हरकत नाही.

प्लेट साठ अंशांवर टिकवणं

नवख्या माणसाचे सर्वांत जास्त दिवस इथे जातात. १.५% अगारची नेहमीची प्लेट ६० अंशांवर ठेवली तर आधी तिला पाणी सुटतं, झाकणावरून थेंब पडून वसाहती एकमेकींत मिसळतात आणि दुसऱ्या दिवशी अगार पापडासारखा वाळून कडेपासून सुटलेला असतो.

अगारचं प्रमाण ३% करा. बाजारातल्या न्यूट्रिएंट अगारच्या पावडरीत लिटरला १५ ग्रॅम अगार आधीच असतो, त्यात आणखी १५ ग्रॅम घाला. प्लेटमध्ये १५-२० मिलि न ओतता ३० मिलि ओता. झाकणाच्या आतून निर्जंतुक गाळणकागदाची चकती बसवा म्हणजे थेंब टिपले जातात. मग प्लेटा उलट्या करून स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा, तळाशी ओला कापूस ठेवा आणि डबा इनक्युबेटरमध्ये सरकवा. हा जेवणाचा डबा महागड्या आर्द्रता-कक्षाचं काम करतो.

६५ ते ७० अंशांसाठी अगारपेक्षा जेलन गम उत्तम. केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणाऱ्या काही प्रयोगशाळा तो वापरतात, त्यामुळे तो आपल्याकडे मिळतो. लिटरला ८ ग्रॅम जेलन आणि १ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड घ्या. क्षाराचं द्रावण वेगळं निर्जंतुक करून गरम असतानाच मिसळा आणि लगेच ओता, कारण मिश्रण फार पटकन धरतं. पाणी ऊर्ध्वपातितच हवं. आपल्या बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे जेलनच्या गाठी होतात.

द्रव माध्यमात अडचण वेगळी असते. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांवर लिटरला ८ मिलिग्रॅम असतो, तो ६० अंशांवर ५ मिलिग्रॅमच्याही खाली जातो. म्हणून २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिच माध्यम घ्या आणि १२० ते १५० फेऱ्यांवर हलवत ठेवा. फ्लास्कवर मार्करनं पातळीची खूण करा. पाणी उडालं असेल तर खुणेपर्यंत निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी घाला, नाहीतर दोन दिवसांत मिठाचं प्रमाण दुप्पट होतं आणि दोष मात्र जीवाणूला लागतो. पेरणीआधी माध्यम ६० अंशांवर आणून ठेवा.

भारनियमन असेल तर इनक्युबेटरच्या तळाशी पाण्यानं भरलेल्या चार-पाच बाटल्या कायम ठेवा. वीज गेली तरी तापमान सावकाश उतरतं.

खरा उष्णताप्रिय की नुसता सोशीक

शुद्ध वसाहत मिळाली की तिला ३७, ४५, ५५, ६०, ६५ आणि ७० अंशांवर वाढवून बघा. ३७ ला जोमानं वाढला आणि ६० ला अडला तर तो बहुधा *बॅसिलस लायकेनिफॉर्मिस*सारखा उष्णतासोशीक आहे. ढिगात असे भरपूर सापडतात. ज्याची उत्तम वाढ ५५ च्या आसपास किंवा वर आहे, त्यालाच आपल्या कामात उष्णताप्रिय म्हणायचं.

हा फरक रेणूंच्या पातळीवर कशातून येतो, ते माहीत असेल तर पुढच्या पायऱ्या सोप्या जातात. उष्णताप्रिय जीवाणूची प्रथिनं वेगळ्या मसाल्याची नसतात. तीच वीस अमिनो आम्लं आणि बहुतेक वेळा तीच घडी असते. पण विरुद्ध भारांच्या जोड्या जास्त, आतला जलद्वेषी गाभा घट्ट आणि बाहेर लोंबणारी वळणं आखूड असतात. उष्णतेत विघटन पावणारी अ‍ॅस्पराजिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लंही कमी असतात. पटल पातळ होऊ नये म्हणून जिओबॅसिलस संपृक्त आणि लांब मेदाम्लं वापरतो. ८०-९० अंशांपलीकडच्या अनेक आर्किआंमध्ये (जीवाणूंहून वेगळ्या एकपेशी जीवांमध्ये) तर पटलाचे दोन थर जोडून एकच सलग थर झालेला असतो.

डीएनएबद्दलचा एक गैरसमज परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास येतो: 'जी-सी (ग्वानिन-सायटोसिन) जोडीत तीन बंध असतात, म्हणून उष्णताप्रियांच्या जनुकसंचात जी-सी जास्त असतं.' हे खरं नाही. *पायरोकोकस फ्युरिओसस* १०० अंशांवर उत्तम वाढतो, आणि त्याचं जी-सी केवळ ४१% च्या आसपास आहे. डीएनए टिकतो तो त्याला बिलगलेल्या प्रथिनांमुळे, पॉलिअमाइन आणि क्षारांमुळे. अतिउष्णताप्रियांत रिव्हर्स जायरेज हे धनात्मक पीळ घालणारं एन्झाइमही असतं. जी-सी तापमानाबरोबर वाढतं ते आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए; १६एस त्यातलाच) आणि टीआरएनए (अमिनो आम्लं वाहून आणणारा आरएनए) यांच्यात, कारण ते एकेरी धागे स्वतःवरच दुमडून आकार धरतात आणि ती दुमड उकलू नये म्हणून तिथे जी-सी लागतं. हे लक्षात ठेवा. पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत) नेमकं हेच आडवं येतं.

डीएनए काढणं

कल्चर ८ ते १२ तासांचंच घ्या. जिओबॅसिलस झपाट्यानं वाढतो आणि वाढ संपली की तितक्याच झपाट्यानं फुटू लागतो किंवा बीजाणू बनवतो. जुन्या कल्चरमधून एकतर तुकडे झालेला डीएनए मिळतो, किंवा बीजाणू फुटत नसल्यानं काहीच मिळत नाही.

१.५ मिलि कल्चर सेंट्रिफ्यूज करून गोळी ५६७ मायक्रोलिटर टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीए यांच्या द्रावणात) मिसळा. त्यात मिलिला २ मिलिग्रॅम लायसोझाइम (पेशीभित्ती फोडणारं एन्झाइम) असू द्या आणि ३७ अंशांवर १ तास ठेवा. ही पायरी ३७ लाच करायची, कारण लायसोझाइम हे आपल्या जीवाणूचं एन्झाइम नाही. मग १०% एसडीएस ३० मायक्रोलिटर आणि प्रोटिनेज-के (मिलिला २० मिलिग्रॅम) ३ मायक्रोलिटर घालून ५५ अंशांवर १ तास.

इथे सावध राहा. साध्या जीवाणूंचे न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइमं) ५५-६५ अंशांवर मंदावतात, आपल्या जीवाणूचे न्यूक्लिएज त्याच तापमानाला कामाला लागतात. टीईमधला ईडीटीए मॅग्नेशियम बांधून त्यांना रोखतो, म्हणून टीईऐवजी नुसतं पाणी कधीही वापरू नका. जेलवर डीएनएची ठळक पट्टी न येता खालपर्यंत धूसर पट्टा आला, तर पहिला संशय इथे घ्या.

पुढे ५ मोलर सोडियम क्लोराइड १०० मायक्रोलिटर घालून नीट मिसळा आणि त्यानंतरच सीटॅब-मीठ द्रावण (१०% सीटॅब, ०.७ मोलर मीठ) ८० मायक्रोलिटर घाला; सीटॅब हा प्रथिनं आणि शर्करा वेगळ्या काढणारा साबणासारखा पदार्थ आहे. क्रम उलटा केला तर घात होतो. मीठ ०.५ मोलरच्या खाली असताना सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतं. हिवाळ्यात सीटॅबची बाटली गोठल्यासारखी पांढरी होते, ती ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवून घ्या. मिश्रण ६५ अंशांवर १० मिनिटं ठेवा. मग समान आकारमानाचं क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घालून हलक्या हातानं उलटंपालटं करा आणि ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. मधला पांढरा थर न ढवळता वरचं पाणी नव्या नळीत घ्या. त्यात ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल घाला, नळी हळूच तिरकी केली की पांढरा धागा तरंगताना दिसतो. ७०% इथेनॉलनं धुवा, वाळवा आणि ५० ते १०० मायक्रोलिटर टीईमध्ये विरघळवा.

थेट खतातून डीएनए काढला तर तो चहासारखा तपकिरी येतो. ते ह्युमिक आम्ल असतं आणि ते पीसीआर बंद पाडतं. आधी १:१० आणि १:५० पातळ करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर पीसीआर मिश्रणात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, मायक्रोलिटरला ४०० नॅनोग्रॅम पडेल इतकं.

पीसीआर

पीसीआरचं टॅक एन्झाइम *थर्मस अ‍ॅक्वाटिकस*चंच आहे. ते १९७६ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं आणि १९८८ पासून पीसीआरमध्ये रुळलं. त्याआधी प्रत्येक फेरीत ९४-९५ अंशांच्या चटक्यानं एन्झाइम मरायचं, मग झाकण उघडून नवं घालावं लागे.

२५ मायक्रोलिटरच्या एका नळीसाठी: १०एक्स बफर (मॅग्नेशियमविरहित) २.५, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १.५, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) मिश्रण (प्रत्येकी १० मिलिमोलर) ०.५, २७एफ आणि १४९२आर प्रायमर (१६एस जनुकाच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे; १० मायक्रोमोलर) प्रत्येकी १, टॅक (मायक्रोलिटरला ५ युनिट) ०.२, डीएनए १, पाणी १७.३ मायक्रोलिटर. बफरमध्ये मॅग्नेशियम आधीच असेल तर वेगळं घालू नका, जास्त झालं की नको त्या पट्ट्या येतात.

तापमानक्रम: ९५ अंश ५ मिनिटं, मग ९५ ला ३० सेकंद, ५५ ला ३० सेकंद, ७२ ला ९० सेकंद अशा ३० फेऱ्या, शेवटी ७२ ला ७ मिनिटं. टॅक मिनिटाला साधारण १००० बेस जोडतं आणि आपला तुकडा सुमारे १५०० बेसचा आहे, म्हणून ९० सेकंद. १% अगारोजवर १५०० च्या रेषेत एकच पट्टी हवी.

पट्टीच आली नाही, आणि *ई. कोलाय*च्या डीएनएची नळी मात्र छान चालली, तर दोष मिश्रणाचा नाही. वर सांगितलेला मुद्दा आठवा. उष्णताप्रियांचं १६एस जनुक जी-सीनं भरलेलं असतं आणि त्याचे धागे ९५ अंशांवर नीट सुटत नाहीत, सुटले तर स्वतःवरच दुमडतात. ५% डीएमएसओ (धागे सुटायला मदत करणारं द्रावक) घाला (१.२५ मायक्रोलिटर, तेवढंच पाणी कमी करा) आणि पहिली पायरी ९८ अंशांवर २ मिनिटं करा. ९८ वर याहून जास्त वेळ ठेवलं तर टॅकही थकतं. ९७.५ अंशांवर त्याचं अर्धायुष्य जेमतेम ९ मिनिटं आहे, ९५ वर ते ४० मिनिटं असतं.

उलट, डीएनए न घातलेल्या नळीतही पट्टी आली तर घाबरून सगळं फेकू नका. बाजारातलं टॅक बहुधा *ई. कोलाय*मध्ये बनवतात, आणि १६एसचे प्रायमर सर्वच जीवाणूंना लागू पडत असल्यानं त्या *ई. कोलाय*च्या डीएनएचे अंशही वाढतात. फेऱ्या ३० च्या वर नेऊ नका. तरीही पट्टी आली तर पाणी आणि टॅक बदलून बघा.

पीएचचं एक गणितही हाताशी असू द्या. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ नं उतरतो. २५ अंशांवर ८.८ असलेला बफर ७२ वर ७.५ च्या आसपास असतो. पीसीआर बफरमध्ये कंपनीनं हे धरलेलं असतं. पण आपल्या जीवाणूचं अमायलेज (पिष्ट फोडणारं एन्झाइम) ६५ अंशांवर मोजताना खोलीत ७.० लावलेला ट्रिस वापरलात तर प्रत्यक्षात एन्झाइम ५.९ ला काम करत असतं. फॉस्फेट एवढं सरकत नाही, पण अमायलेजला लागणारं कॅल्शियम तो गढूळ साका करून खाली बसवतो. अशा वेळी ट्रिसच घ्या, फक्त पीएच ६५ अंशांवरच्या गरजेनुसार लावा.

क्रम आल्यावर

पीसीआरचा तुकडा सिक्वेन्सिंगला (क्रम वाचायला) पाठवा. आलेल्या क्रमाच्या दोन्ही टोकांचे खराब भाग कापून माहीत असलेल्या प्रजातींच्या १६एस क्रमांशी तुलना करा. ९८.७% पेक्षा कमी साम्य असेल तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता असते. पण ९९% साम्य आलं म्हणून *जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस* असं ठाम लिहू नका. या वंशातल्या प्रजातींचे १६एस एकमेकांशी फार जुळतात. प्रजाती सांगायचीच असेल तर रेक-एन जनुकाचा क्रमही घ्या, तोवर 'जिओबॅसिलस, प्रजाती अनिश्चित' लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे. नावंही तपासा. हा वंश २००१ मध्ये बॅसिलसमधून वेगळा झाला आणि २०१६ मध्ये त्यातल्या काही प्रजाती पॅराजिओबॅसिलसमध्ये गेल्या. जुन्या प्रबंधांतली नावं जशीच्या तशी उतरवली तर घोळ होतो.

साठवण आणि विल्हेवाट

वाढलेली प्लेट ६० अंशांवर तशीच आठवडाभर ठेवली तर पेशी मरतात. वाढ दिसली की काढा आणि त्याच दिवशी २०% ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर दोन-दोन नळ्या ठेवा. उणे ८० नसेल तर उणे २० चालतं, पण दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा वाढवून बघा.

टाकाऊ प्लेटांसाठी १२१ अंशांवर १५ मिनिटांची सवय सोडा. ऑटोक्लेव्ह नीट चालतो का, हे तपासायला जगभर *जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस*चेच बीजाणू वापरतात, कारण १२१ अंशांवरही त्यांची संख्या एक दशांश व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात. खच्चून भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायलाच दहा मिनिटं जातात. पिशव्या अर्ध्याच भरा, तोंड सैल ठेवा, ३० ते ४५ मिनिटं चालवा. महिन्यातून एकदा बीजाणूंची पट्टी पिशवीच्या मधोमध ठेवून ऑटोक्लेव्ह चालवा, मग ती द्रव माध्यमात टाकून ५५ ते ६० अंशांवर दोन दिवस वाढवा. माध्यम गढूळ झालं किंवा त्याचा रंग बदलला तर ऑटोक्लेव्हची रबरी गॅस्केट आणि तळातलं पाणी आधी तपासा. जड पाण्याचा थर चढलेली कॉइल हे आपल्याकडचं नेहमीचं कारण आहे.